नॉर्टनचे ग्राहक आणि आगाऊ पैसा

सावकार कर्ज देताना तारण घेतो, व्याज ठरवतो, कागद करून घेतो. कारण आपण धोका पत्करीत आहोत हे त्यास पक्के ठाऊक असते. परंतु वस्तू हाती येण्यापूर्वीच तिची किंमत देणारा ग्राहक हाही एक प्रकारचा सावकारच असतो. त्याला तारण नसते, व्याज नसते, आणि आपण सावकारी करीत आहोत याची जाणीवही नसते. कारखाना भरभराटीत असेतो ही गोष्ट झाकलेली राहते. तो बुडू लागला म्हणजे उघडी पडते. इंग्लंडमधील नॉर्टन या मोटारसायकल कारखान्याच्या इतिहासात ती फारच स्पष्टपणे उघडी पडली. त्या इतिहासाचे अलीकडचे प्रकरण चेन्नईशी जोडले गेले असल्यामुळे आपल्यालाही ते अगदी परके नाही.

जेम्स लॅन्सडाउन नॉर्टन या गृहस्थाने १८९८ साली बर्मिंगहॅम येथे दुचाकींचे सुटे भाग करण्याचा धंदा सुरू केला आणि १९०२ साली पहिली मोटारसायकल बनवली. आयल ऑफ मॅन या बेटावर १९०७ साली झालेल्या पहिल्याच टी. टी. शर्यतीत जोड-सिलिंडरच्या गटातील विजय नॉर्टनच्या गाडीने मिळवला. कीर्ती झाली, पण हिशेब जुळला नाही. १९१३ साली कंपनी दिवाळखोरीत गेली आणि आर. टी. शेली यांच्या भांडवलावर ती पुन्हा उभी राहिली. उत्तम यंत्र घडवणाऱ्यास उत्तम खतावणी ठेवता येतेच असे नाही, हा या घराण्याच्या पत्रिकेतील योग जणू त्याच वर्षी लिहिला गेला. १९२५ साली नॉर्टन निवर्तले. शर्यतींतील यश त्यांच्यामागेही चालू राहिले, आणि दुसऱ्या महायुद्धात कारखान्याने सैन्याला सुमारे एक लाख गाड्या पुरवल्या.

युद्धानंतर वैभव होते, तरी पैशाची ओढाताण संपली नव्हती. १९५३ साली नॉर्टन 'असोसिएटेड मोटर सायकल्स' या मोठ्या कंपनीच्या ताब्यात गेली. पुढे बर्मिंगहॅमचा जुना कारखाना बंद होऊन काम लंडनला हलले. आणि १९६६ साली ती मोठी कंपनीच कोसळली. त्या पडझडीतून 'नॉर्टन व्हिलियर्स' निघाली व १९६७ साली तिने 'कमांडो' हे नामांकित यंत्र लोकांपुढे ठेवले. १९७३ साली सरकारी साहाय्याने ट्रायम्फलाही तिच्याशी जोडण्यात आले. मेरिडन येथील ट्रायम्फचा कारखाना बंद करण्याचा बेत जाहीर होताच कामगारांनी तो अडवून धरला, आणि तयार झालेल्या गाड्याही आतच अडकून पडल्या. परदेशांतून मागणी होती, माल कारखान्यात होता, आणि तरीही तो ग्राहकापर्यंत पोहोचत नव्हता. १९७५ साली सरकारने हात आखडता घेतला आणि नॉर्टनचा तो अध्याय थोड्याच काळात आटोपला.

मात्र त्या काळच्या व्यवहारातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ग्राहकाचा संबंध बहुधा आपल्या गावातील विक्रेत्याशी येई. तो दुकानी ठेवलेली गाडी पाही, पैसे मोजी आणि गाडी घेऊन जाई. कारखाना बुडाला तर सुटे भाग मिळण्याची पंचाईत होई, पण गाडी तरी दारात असे. कारखाना आणि ग्राहक यांच्यामधील हा विक्रेता निव्वळ नफेखोर मध्यस्थ नव्हता. संकटाचा पहिला धक्का तोच सोशीत असे.

पुढे हा बांध राहिला नाही. २००८ साली एका इंग्रज उद्योजकाने नॉर्टन हे नाव विकत घेऊन डॉनिंग्टन येथे नवा संसार मांडला. नाव जुने, रूप मोहक आणि उत्पादन मोजके. 'कमांडो ९६१' या गाडीसाठी लोक नावे नोंदवू लागले व वाट पाहू लागले. २०१६ साली चार सिलिंडरांची 'व्ही-फोर' जाहीर झाली. तिच्या 'एस. एस.' या प्रकाराच्या अवघ्या २०० गाड्या निघणार होत्या आणि किंमत होती ४४,००० पौंड, 'आर. आर.' या प्रकाराची २८,००० पौंड. अनेकांनी आगाऊ रक्कम भरली, काहींनी तर सगळी किंमत. सांगितलेले महिने उलटले, नव्या तारखा मिळाल्या, त्याही उलटल्या. विलंबाचा संशय घेण्याऐवजी पुष्कळांनी त्याचा अर्थ कारागिरीतील काटेकोरपणा असा लावला. आवडत्या नावावर विश्वास ठेवण्यास मनुष्य नेहमीच कारणे शोधून काढतो.

जानेवारी २०२० मध्ये थकलेल्या कराचा प्रश्न न्यायालयापुढे आला. त्याच महिन्याच्या २९ तारखेस, कर्ज देणाऱ्या बँकेच्या पुढाकाराने, कंपनीचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला. ज्यांच्या हाती पावत्या होत्या त्यांना आपले कायदेशीर स्थान त्या दिवशी प्रथम उमगले.

ते स्थान असे. गाडीची मागणी नोंदवली म्हणून कोणतीही विशिष्ट गाडी ग्राहकाच्या मालकीची होत नाही. अमुक यंत्र अमक्याचे, असे आधी निश्चित व्हावे लागते. आपल्याकडील १९३० च्या मालविक्री कायद्यातही हेच तत्त्व आहे. तोवर ग्राहक हा केवळ धनको, आणि तोही बिनतारणी. आधी तारणदार बँक, मग प्रशासनाचा खर्च, मग कायद्याने अग्रहक्क दिलेली देणी, आणि ताटात काही उरले तर शेवटच्या पंगतीला हा. बँकेने कर्ज देताना कागद करून घेतला होता. ग्राहकाने भक्तिभावाने पैसे दिले होते. कायद्याने कागदाची दखल घेतली.

बचावाची एक वाट होती, पण तिच्यातही विपरीतपणा होता. इंग्लंडमधील १९७४ च्या ग्राहक-कर्ज कायद्याप्रमाणे क्रेडिट कार्डावर रक्कम भरलेली असल्यास कार्ड देणारी बँकही विक्रेत्याबरोबर जबाबदार ठरते. मात्र वस्तूची किंमत १०० पौंडांहून अधिक असावी आणि ३०,००० पौंडांहून अधिक नसावी. म्हणजे २८,००० ची गाडी सांगणाऱ्यास हा आसरा मिळू शकत होता, पण ४४,००० ची सांगणारा, ज्याने अधिक विश्वास टाकला तोच, कुंपणाबाहेर राहत होता.

आणि या ग्राहकांहून दयनीय अवस्था आणखी एका वर्गाची होती. दोनशेहून अधिक लोकांच्या निवृत्तिनिधीचे सुमारे १ कोटी ४० लाख पौंड याच कंपनीत गुंतवण्यात आले होते. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या निवृत्तिवेतन-लोकपालाने, या निधींचा विश्वस्त असलेल्या कंपनीच्या मालकाने अप्रामाणिक वर्तन केल्याचा निर्णय दिला; २०२२ साली डर्बीच्या न्यायालयाने त्याला आठ महिन्यांची स्थगित शिक्षा सुनावली. गाडीवाचून मनुष्याचे अडत नाही. म्हातारपणाच्या भाकरीवाचून अडते. नोकरीत केस पांढरे केलेल्या वाचकांस हे अधिक सांगावयास नको.

एप्रिल २०२० मध्ये चेन्नईच्या टी. व्ही. एस. मोटर कंपनीने १ कोटी ६० लाख पौंड देऊन नॉर्टन विकत घेतली. ज्या मद्रासेत १९५५ पासून एन्फिल्डच्या गाड्या बनू लागल्या, त्याच शहरातील एका घराण्याच्या हाती आणखी एक इंग्रजी नाव यावे, याचा आपणांस अभिमान वाटला तर तो अस्थानी नव्हे. परंतु विकत काय घेतले गेले? नाव, आराखडे, यंत्रसामग्री. जुनी देणी त्या खरेदीत नव्हती. जुन्या ग्राहकांसाठी नवा मालक जे काही करील ते त्याचे सौजन्य. त्यांचा तो हक्क नव्हता. ज्यांना 'व्ही-फोर' मिळाली होती तेही सुखी राहिले नाहीत. २०२१ साली नव्या व्यवस्थापनाने आधीच्या राजवटीत बनलेल्या त्या गाड्यांत सुरक्षिततेचे दोष आढळल्याचे सांगून त्या चालवू नयेत असा इशारा दिला. त्याच वर्षी सोलिहल येथे नवा कारखाना उभा राहिला.

हे सारे अटळ होते काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याला इंग्लंडच्याच न्यायालयाचा आधार आहे. १९७२ साली केफर्ड नावाची, टपालाने माल विकणारी एक कंपनी अडचणीत आली. तिने हिशेबतपासनिसांच्या सल्ल्याने ग्राहकांकडून येणारे पैसे निराळ्या खात्यात ठेवण्यास आरंभ केला. कंपनी बुडाल्यावर न्यायमूर्ती मेगॅरी यांनी निर्णय दिला की, ते पैसे कंपनीचे नव्हेत. माल मिळेपर्यंत ते ग्राहकांचेच, आणि कंपनी केवळ त्यांची विश्वस्त. एक निराळे खाते, एवढाच काय तो उपाय; पण त्याने पावती धरून बसलेला मनुष्य शेवटच्या पंगतीतून उठून आपल्या हक्काच्या पाटावर येतो.

आपल्या देशातील स्कूटरची प्रतीक्षा या संदर्भात आठवते. १९६० साली केंद्र सरकारने स्कूटरच्या वितरणावर व विक्रीवर नियंत्रण घातले, तेव्हा नाव नोंदवणाऱ्याने ठेव टपाल कचेरीतील बचत खात्यात ठेवून ते खाते विक्रेत्याकडे तारण लावावयाचे असे. लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. त्या प्रतीक्षेची थट्टा पुष्कळ झाली, आणि टंचाईच्या त्या राजवटीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तथापि वाट पाहणाऱ्याचा पैसा टपाल खात्यात, त्याच्याच नावावर, सुरक्षित होता. उशीर होई, बुडण्याचे भय नसे. नॉर्टनच्या ग्राहकाला उशीरही सोसावा लागला आणि भयही.

आज आपल्याकडेही घरापासून वाहनापर्यंत अनेक वस्तू केवळ चित्र पाहून, आगाऊ रक्कम भरून घेतल्या जातात. घर घेणाऱ्यांच्या हालअपेष्टा पाहून २०१८ साली दिवाळखोरी संहितेत दुरुस्ती झाली आणि त्यांना वित्तीय धनकोंचे स्थान मिळाले. म्हणजे आगाऊ पैसे देणारा हाही कर्ज देणाराच आहे, ही गोष्ट कायद्याने निदान एका क्षेत्रात मान्य केली. वाहनासाठी पैसे भरणाऱ्याला ते स्थान नाही. म्हणून पावती घेताना गाडी कधी मिळणार हे तर विचारावेच. पण त्याआधी, तोपर्यंत माझा पैसा कोणाच्या खात्यात राहणार, हे विचारावे.