ताईची डिग्री आणि पारसीबागानचे डॉक्टर

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. निमित्त घरातलंच आहे. भाचीचा फोन आला, "आत्या, नोकरी सांभाळून, घरी बसून सायकॉलॉजीत पीएच.डी. करता येते का गं?" ती शाळेत समुपदेशक आहे, मानसशास्त्रात एम.ए. आहे, घरी दोन वर्षांचा मुलगा आहे. मी क्षणभर गप्पच झाले, कारण साधारण वीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न आमच्या ताईने विचारला होता.

ताईची गोष्ट नातेवाइकांना अर्धीमुर्धी माहीत आहे. तिची परवानगी घेऊन इथे पूर्ण सांगते. तिने एका परदेशी संस्थेत पैसे भरले. चार प्रश्नावल्या, एक लांबलचक निबंध, आणि आठ महिन्यांत डॉक्टरेट कुरियरने घरी! मार्गदर्शकाचा आवाजसुद्धा तिने कधी ऐकला नाही. पुढे एका कॉलेजात अर्ज केला तेव्हा कळलं की त्या कागदाला काही किंमत नाही. तो अजून कपाटात साड्यांखाली आहे.

तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला होता, की असलं शिक्षण पोस्टाने होतच नाही. आता जरा वाचन केल्यावर वाटतं, आपण घाई केली.

कलकत्त्याच्या गिरींद्रशेखर बोसांचंच बघा. (बंगाली विनोदी लेखक परशुराम, म्हणजे राजशेखर बोस, यांचे हे धाकटे भाऊ.) हे मूळचे डॉक्टर. जादूचा आणि संमोहनाचा लहानपणापासून नाद. कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि बोसांनी दवाखाना सांभाळत १९१७ मध्ये त्या विषयात एम.ए. केलं. मग १९२१ मध्ये दमन या कल्पनेवर प्रबंध लिहून डी.एस्सी. मिळवली. मानसशास्त्रातली ही भारतातली पहिली डॉक्टरेट.

पदवी घरच्याच गावातली, मान्य. पण मनोविश्लेषण शिकवणारं कलकत्त्यात होतं कोण? तो विषय व्हिएन्नात फ्रॉइडकडे. बोसांनी छापलेला प्रबंध सरळ त्यालाच पाठवून दिला. फ्रॉइडचं उत्तर आलं आणि तिथून जो पत्रव्यवहार सुरू झाला तो १९३७ पर्यंत चालला. पत्र बोटीने जायचं, उत्तराला कित्येक आठवडे लागायचे. दोघांची भेट आयुष्यात कधीच झाली नाही. बोसांचे स्नेही चित्रकार यतींद्रकुमार सेन यांनी फ्रॉइडचं चित्र निव्वळ कल्पनेने काढलं, तेही बोसांनी पाठवलं. फ्रॉइडने एका मैत्रिणीला कळवलं की चित्रकाराने मला पार इंग्रज करून टाकलंय!

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बोस मान डोलावणारे शिष्य झाले नाहीत. प्रत्येक इच्छेच्या पाठीमागे तिची उलट इच्छा दडलेली असते, असा त्यांचा स्वतःचा सिद्धांत होता. माझ्या हिंदुस्थानी रुग्णांत तुमच्या युरोपीय रुग्णांपेक्षा वेगळं दिसतं, असं त्यांनी १९२९ मध्ये फ्रॉइडला लिहिलं. फ्रॉइड काही पूर्ण पटवून घेणारा नव्हता. पण बोस हटले नाहीत. समोर बसून शिकले असते तर इतकं धाडस झालं असतं का, कोण जाणे. १९३१ मध्ये फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला कलकत्त्याच्या मंडळींनी हस्तिदंती विष्णू भेट पाठवला, तो त्याने आपल्या लिहिण्याच्या टेबलावर ठेवला.

मग फरक कुठे पडला? ताईलाही पत्रं येतच होती की. फरक असा, की बोसांकडे रोज रुग्ण येत होते. १४, पारसीबागान लेनमधल्या राहत्या घरी त्यांनी १९२२ साली मनोविश्लेषणाची संस्था काढली, तिथे वाद घालायला माणसं होती. १९३३ मध्ये कारमायकेल मेडिकल कॉलेजात मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग त्यांनी सुरू केला. म्हणजे पुस्तकं आणि गुरू लांब, पण माणसं जवळ.

अमेरिकेत हेच सूत्र धरून एक प्रयोग झाला. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे १९७४ साली फील्डिंग नावाची संस्था निघाली, ती खास नोकरी-संसारातल्या प्रौढ विद्यार्थ्यांसाठी. वर्ग नाही, विद्यार्थी आपापल्या गावी. मात्र आसपासच्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापकाबरोबर प्रत्यक्ष जमायचं, ठरावीक दिवस एकत्र राहायचं आणि देखरेखीखाली रुग्ण बघायचे. तिच्या क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पीएच.डी.ला १९९१ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची मान्यता मिळाली. निव्वळ ऑनलाइन अभ्यासक्रमाला मात्र त्या संघटनेने पुढेही दार उघडलं नाही.

आपल्याकडे पत्राने शिकवायला दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये सुरुवात केली, इग्नू १९८५ मध्ये आलं, नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये. ताईचं एम.ए. असंच पोस्टाने आलेल्या पुस्तकांवर झालं आणि त्यात काही खोट नव्हती. पीएच.डी.चं गाडं मात्र अडलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांत दूरस्थ पद्धतीने एम.फिल. आणि पीएच.डी. देण्यावर बंदी घातली. बाजारात जे चाललं होतं ते बघता बंदी हवीच होती, ताईसारखे किती फसले असतील! पण तेव्हा मला रागही आला होता. आठ महिन्यांत कागद विकणारे आणि खरोखर लांबून शिकू पाहणारे, दोघांना एकाच सुपात घालून पाखडलं.

२०१६ च्या नियमांनी अर्धवेळ पीएच.डी.ला स्पष्ट जागा दिली. बायकांना मुदतीत दोन वर्षं जास्त, शिवाय बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. २०२२ च्या नव्या नियमांतही अर्धवेळचा मार्ग राहिला आणि दूरस्थची बंदीही राहिली.

भाचीला हे सगळं सांगितलं. आणखी एक गोष्ट मुद्दाम बजावली, कारण तिच्या मनात "डॉक्टर झाले की क्लिनिक" असं होतं. तसं नसतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला १९९२ च्या कायद्याप्रमाणे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, आणि त्यासाठी रुग्णालयात देखरेखीखाली शिकावं लागतं. नुसती पीएच.डी. तिथे उपयोगाची नाही. ती जरा हिरमुसली. मग म्हणाली, क्लिनिक राहू दे, मला शाळेतल्या मुलांवरच काम करायचंय, अर्धवेळ चालेल.

एक मार्गदर्शक मिळण्यासारख्या आहेत, एसटीने दीड तासावर. ताईला कळवलं तर तिने विषय कोणता, फी किती, काही विचारलं नाही. "त्या बाई महिन्यातून किती वेळा भेटतील?" एवढंच विचारलं. शनिवारी भाची त्यांना भेटायला जातेय, आणि ताई म्हणतेय मीही येते, पोराला मी सांभाळीन बाहेर.