हाताला काम, कामाला कागद



धानाची रोवणी आटोपली की गोंदियाकडच्या मजुराचे हात रिकामे होतात. मग कापणीपर्यंत वाट पाहायची. उन्हाळ्यात मोहफूल अन् तेंदूपत्ता थोडाफार आधार देतात. मधल्या दिवसांत कोणी बिड्या वळतो, कोणी नागपूरची वाट धरतो. ज्याला स्वतःची बांधी नाही त्याने या दिवसांत खावे काय? हा प्रश्न फार जुना आहे. आपल्या महाराष्ट्राने त्याचे उत्तर कसे शोधले, ते आज पाहू.

सन 1965 मध्ये वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्या कल्पनेतून तासगाव तालुक्यातील विसापूर येथे एक प्रयोग झाला. जो अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते द्यावयाचे, एवढीच गोष्ट. 1972 च्या दुष्काळात तिचे मोल सर्वांना कळले. पैसा कोठून आणावा? 1975 मध्ये पगारदार व धंदेवाईक लोकांवर व्यवसाय कर बसला, अन् सरकारने आपलाही वाटा घातला. 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. दयेचे काम हक्काचे झाले.

पुढे 2005 साली दिल्लीने देशासाठी असाच कायदा केला. 2 फेब्रुवारी 2006 रोजी तो ज्या 200 जिल्ह्यांत प्रथम लागू झाला, त्यांत गोंदिया होता. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून निघालेला हा जिल्हा तेव्हा सात वर्षांचाही नव्हता. कायद्याचे बोलणे सरळ होते: कुटुंबामागे वर्षाला 100 दिवस काम, मागणीपासून 15 दिवसांत, न मिळाल्यास बेकारभत्ता.

पण मंडळी, मेख इथेच आहे. हे 15 दिवस मोजायचे कोठून? मागणीच्या तारखेपासून. अन् तारीख असते पावतीवर. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते. भत्ताही तिच्यासोबत जातो.

आता कसबाचे पाहा. 1933 साली अमेरिकेत मंदी होती. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांच्या छावण्या काढल्या. दिवसा झाडे लावायची, संध्याकाळी वर्गात बसायचे. हजारो तरुण तेथे लिहावाचायला शिकले. आपल्याकडे कुदळ आधी आली, कसब फार उशिरा. 2019-20 मध्ये ‘उन्नती’ नावाची प्रशिक्षण योजना निघाली; वय 18 ते 45, आणि अट अशी की कुटुंबाने 100 दिवस काम पुरे केलेले असावे. म्हणजे तलावातला गाळ खरोखर उपसला, पण हजेरीपटावर दिवस कमी पडले, तर शिकण्याचे दारही बंद!

कायदे बदलतात, दिवसांचे आकडे बदलतात. पण ज्याच्या हाती कागद नाही त्याचा हक्क अडतो, हे काही बदलत नाही.

म्हणून गुरुजी, एक काम तुमच्याकडे. गावातल्या मजूर बाया-माणसांना संध्याकाळी तास-अर्धा तास बोलवा. आपले नाव, तारीख आणि हजेरीचा आकडा, एवढे तीन शब्द त्यांना वाचता येऊ द्या. कुदळ त्यांना चालवता येतेच. हे दुसरे हत्यार तेवढे त्यांच्या हाती द्या.