कुंडीतला प्रवासी

विलायतेत दारापुढच्या सावलीत कुंड्यांमधून रुंद पानांचे एक झाड हौसेने लावतात, ‘हॉस्टा’. माहेर जपान, तिकडचे नाव ‘गिबोशी’. नक्षीदार पानांची रोपे कुंडीत जोपासण्याचा षोक एदोकाळच्या जपान्यांनी अगदी वेडाच्या थराला नेला होता. पण परक्याला ती दिसणार कशी? नागासाकीजवळ देजिमा या पंख्याच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर डच कोंडलेले. किनाऱ्याला जोडणारा पूल एकच. १८२३ साली तेथे आलेल्या सीबोल्ट या जर्मन डॉक्टरने बेटावरच बाग फुलवली.

थंडीत हॉस्टाची पाने झडतात आणि गड्डा मातीत निजून राहतो. म्हणून ते कुंडीत टिकते, प्रवासही सोसते. (आमच्या कोकणात तशी निजण्याजोगी थंडीच नाही!)

पुढे जपानचे नकाशे जवळ सापडल्यामुळे १८२९ साली सीबोल्टची हकालपट्टी झाली. जिवंत रोपे त्याच्याबरोबर जहाजावर चढली. त्यांत हॉस्टाही होता. सहचरी ताकी आणि दोन वर्षांची लेक इने मात्र किनाऱ्यावरच राहिल्या. देश सोडण्याची मुभा जपानी माणसाला नव्हती. झाडाला कोण विचारतो?

तीस वर्षांनी, १८५९ साली, तो परतला. इने तोवर वैद्यकी शिकली होती.