विकतची झीज

फौजेत पहिल्या दिवसापासून एकच शिकवण मिळते: वस्तू जुनी असली तरी चालेल, दिसली मात्र नवी पाहिजे. पितळी बकल ब्रासोने घासा, बुटाच्या टोकात तोंड दिसेपर्यंत पॉलिश मारा, लाकडी बट असलेली रायफल असेल तर त्याला जवसाचं तेल चोळा. किट-तपासणीत ओरखडा दिसला की जाब द्यावा लागतो. त्यामुळे ओरखडे मुद्दाम पाडून घेतलेली, आणि त्या ओरखड्यांसाठी जास्त पैसे मोजलेली वस्तू मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती मला कळायलाच वेळ लागला.

ती पाहिली म्हैसूरमध्ये. एनसीसीच्या पोस्टिंगवर होतो आणि भाड्याचं घर चामराजपुरममध्ये होतं. म्हैसूर जंक्शनहून चामराजनगरच्या गाडीत बसलं की पहिलं स्टेशन हेच. घरमालक निवृत्त सुभेदार. त्यांच्या नातवाने परदेशातून इलेक्ट्रिक गिटार आणली होती. कोपराजवळ रंग उडून लाकूड उघडं पडलेलं, मागच्या बाजूला बेल्टच्या बकलाने खरवडल्यासारखं, पितळेवर हिरवट डाग. मला वाटलं, सेकंडहँड असेल. मुलगा म्हणाला, कोरी आहे, कारखान्यातूनच अशी येते. सुभेदारसाहेबांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि फौजी हिंदीत एवढंच म्हणाले, "साहब, मेरी बेल्ट ऐसी होती तो पिट्ठू लगता." पिट्ठू म्हणजे काय ते या ब्लॉगच्या वाचकांना सांगायला नको.

या प्रकाराला गिटारवाले 'रेलिक' म्हणतात. त्याचा इतिहास शोधत गेलो तर तो दोन ठिकाणी थेट आपल्या ओळखीच्या मुलखात येऊन पोचला. म्हणून हा लेख.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० च्या सुमारास त्याने भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, जी पुढे 'टेलिकास्टर' म्हणून ओळखली गेली, आणि १९५४ मध्ये 'स्ट्रॅटोकास्टर'. या गिटारीला पोकळ पेटी नसते. तारेच्या कंपनाने चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि आवाज ॲम्प्लिफायरमधून येतो. फेंडरचा विचार हत्यार बनवणाऱ्याचा होता. मान धडाला चिकटवलेली नाही, चार स्क्रूंनी आवळलेली. खराब झाली तर काढा, दुसरी बसवा. रायफलचा सुटा भाग बदलतो तसं. त्याच्या दृष्टीने झीज म्हणजे दुरुस्तीचं काम, त्यात कौतुक काही नव्हतं.

सुरुवातीला मानेवरची बोटं फिरायची पट्टी फिकट मेपल लाकडाची असे. वरचा वार्निश घामाने उडाला की पट्टी काळपट, मळकी दिसायची. १९५९ पासून फेंडरने तिथे गडद शिसवी पट्टी बसवायला सुरुवात केली, आणि मळकटपणा दिसू नये हे त्याचं एक कारण म्हणून सांगितलं जातं. शिसव इथे लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता रंग. त्या काळात फेंडर गिटारींना मोटारींचाच रंग देत असे. फिएस्टा रेड हा फोर्डच्या गाडीचा रंग. यातले बरेच रंग नायट्रोसेल्युलोज लॅकरचे होते. नायट्रोसेल्युलोज हा शब्द वाचून तोफखान्यातल्या मंडळींचे कान टवकारले असतील. बरोबर आहे, तेच ते. १८४६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या शोनबाइनने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया करून गनकॉटन बनवलं. त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळून पुढे कॉर्डाइट झालं, आणि काळी दारू मागे पडली. (टिपूचे अग्निबाण त्या आधीच्या काळ्या दारूचे. श्रीरंगपट्टण इथून हाकेच्या अंतरावर आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

वेलिंग्टनला मद्रास रेजिमेंटच्या सेंटरवर किंवा स्टाफ कॉलेजला गेलेल्यांना नीलगिरीच्या छोट्या गाडीचं पुढचं स्टेशन आठवत असेल: अरुवनकाडू. तिथला कॉर्डाइटचा कारखाना १९०३ साली उभा राहिला. म्हैसूरहून बंदीपूर, गुडलूर करत घाट चढलं की त्याच डोंगरात तो आहे. आपल्याकडे भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरचा आयुध कारखानाही याच कुळातला, तोफगोळ्यांमागची दारू बनवणारा.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीकडे दारू बनवण्याची अफाट क्षमता होती आणि गिऱ्हाईक नव्हतं. १९२० मध्ये त्यांच्या कारखान्यात नायट्रोसेल्युलोजचा एक पातळ, फवारता येईल असा प्रकार हाती लागला. त्यातून 'ड्यूको' नावाचं लॅकर आलं आणि १९२३ पासून ते जनरल मोटर्सच्या गाड्यांवर चढलं. आधी गाडीचा रंग वाळायला आठवडे लागत, आता काही तास. गनकॉटनमध्ये नायट्रोजन साधारण तेरा टक्के असतो, लॅकरच्या प्रकारात अकरा-बारा. फरक तेवढाच.

हा रंग सुंदर जुना होतो याचं कारणही त्याच्या रसायनातच आहे. वाळल्यानंतरही तो वर्षानुवर्षं आकसत राहतो, पिवळा पडतो, ठिसूळ होतो. थंडी-उन्हात लाकूड आकसतं-फुगतं, रंगाचा कडक पापुद्रा त्याच्याबरोबर हलू शकत नाही, आणि केसासारख्या बारीक भेगांचं जाळं उमटतं. गिटारवाल्यांना ते जाळं फार प्रिय. १९६८ च्या सुमारास फेंडरने जाड पॉलिएस्टरचा थर वापरायला सुरुवात केली. तो टिकाऊ, पण काचेसारखा. त्यावर वय उमटत नाही.

हेच रसायन सिनेमाच्या जुन्या रिळांमध्येही होतं, आणि तिथे त्याचं म्हातारपण कोणाला प्रिय वाटलं नाही. फाळक्यांच्या काळातले चित्रपट नायट्रेटच्या फिल्मवर निघाले. 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण उपलब्ध नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठीला आग लागली आणि नायट्रेट रिळांचा मोठा साठा जळाला. नायट्रोसेल्युलोज जुनं होतं म्हणजे असं होतं. गिटारीवर ते भेगांवर थांबतं, एवढंच.

१९६५ च्या जानेवारीत लिओ फेंडरने कंपनी सीबीएसला एक कोटी तीस लाख डॉलरला विकली. पुढच्या वर्षांत माल घसरला अशी वादकांची तक्रार होती, आणि बरीचशी खरी होती. मग विक्रीच्या आधीच्या गिटारींना भाव चढू लागला. १९५५ किंवा १९६१ ची गिटार म्हणजे ठेवणीतला दागिना झाला. जी वस्तू मजुराच्या अवजारासारखी वापरायला बनवली होती, ती आता लोक रोजच्या कार्यक्रमाला न्यायला घाबरू लागले.

१९८५ मध्ये कंपनीच्याच अधिकाऱ्यांनी ती विकत घेतली आणि १९८७ मध्ये कस्टम शॉप सुरू झालं. कीथ रिचर्ड्ससाठी जुन्या गिटारींच्या नव्या नकला बनवल्या, तेव्हा त्याने 'जरा ठोकून आणा, मग वाजवतो' अशा अर्थाचं काही म्हटलं, अशी गोष्ट सांगितली जाते. खरी असो-नसो, मागणी खरी होती. कस्टम शॉपमधला जे ब्लॅक आणि मिझुरी राज्यातला व्हिन्स क्युनेटो यांनी नमुने तयार केले आणि जानेवारी १९९५ च्या व्यापारी प्रदर्शनात दोन गिटारी मांडल्या. कारखाना कॅलिफोर्नियात, धडं आणि मानी मात्र पहिली काही वर्षं क्युनेटोच्या मिझुरीतल्या कारखान्यात म्हाताऱ्या होत.

हा कारागिरीचा भाग मला खरोखर आवडला. पातळ नायट्रोसेल्युलोज लॅकर द्यायचं, मग गरम करून एकदम गारठवायचं, म्हणजे भेगा फुटतात. (जानेवारीत लेहला बाहेर ठेवलेली गिटार बुखारीजवळ आणली तर हे काम एका संध्याकाळी फुकटात होईल. गिटारीच्या मालकाला विचारून करा.) धातूच्या भागांना आम्लाची वाफ द्यायची. पांढरं प्लास्टिक चहा-कॉफीसारख्या रंगाने पिवळट करायचं. मग कोपराची जागा, बकलाची जागा, अंगठ्याची जागा ओळखून तिथेच रंग घासायचा. वाईट रेलिक लगेच ओळखू येतं: माणसाचा हात जिथे पोचणार नाही तिथेही खरवडलेलं असतं. चांगलं रेलिक करणाऱ्याला न झालेल्या वादकाचं शरीर डोळ्यांसमोर आणावं लागतं.

हे अमेरिकेने शोधलं असंही नाही. पॅरिसमधला व्हिओम हा एकोणिसाव्या शतकातला थोर व्हायोलिनकार. त्याने स्ट्राडिव्हरीच्या व्हायोलिनच्या नकला झिजलेल्या वार्निशसकट केल्या. पागानिनीच्या व्हायोलिनचीही त्याने नक्कल केली, आणि ती इतकी हुबेहूब होती की पागानिनीलाच क्षणभर ओळखता आली नाही असं सांगतात.

आणि आपण तरी काय वेगळे? रंगरूटाला नवी बेरेट मिळते तेव्हा ती डोक्यावर पोळीसारखी बसते. मग रात्री बराकीत कोरम भरतो. गरम पाण्यात बुडवायची, ओलीच डोक्यावर घालून उजव्या बाजूला ओढायची, तशीच वाळवायची, ब्लेडने लव काढायची. दुसऱ्या दिवशी पोरगा पाच वर्षं नोकरी झाल्यासारखा दिसतो. उस्ताद हसतात, पण अडवत नाहीत. मात्र छातीवर न मिळालेली फीत लावली तर तिथे हसणं संपतं. बेरेट आणि फीत यांच्यामधली ही रेघ कोणी शिकवत नाही, तरी सगळ्यांना माहीत असते. फेंडरच्या कस्टम शॉपनेही ती पाळली, असं माझं मत. गिटारीच्या डोक्याच्या मागे त्यांचा शिक्का असतो, सोबत प्रमाणपत्र असतं. वस्तू जुनी दिसते, पण जुनी म्हणून विकली जात नाही. हा शिक्का पुसून पुढे विकणारा भेटला तर गोष्ट वेगळी.

खरी झीज बघायची असेल तर आयर्लंडच्या रोरी गॅलहरची गिटार बघावी. १९६१ ची स्ट्रॅटोकास्टर, त्याने १९६३ मध्ये कॉर्क शहरात शंभर पौंडांना घेतली. चोरीला गेली, खंदकात सापडली. तीस वर्षांच्या कार्यक्रमांत घामाने तिचा रंग जवळपास सगळा गेला. तो जून १९९५ मध्ये वारला, म्हणजे रेलिक बाजारात आलं त्याच वर्षी. १९९७ मध्ये फेंडरने तिची ओरखड्यासह ओरखडा नक्कल विकायला काढली. मूळ गिटार ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनच्या लिलावात जवळपास आठ लाख नव्वद हजार पौंडांना गेली आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी घेतली गेली.

आता शिसवाकडे. सुरुवातीच्या शिसवी पट्ट्या ब्राझीलच्या होत्या. साठच्या दशकाच्या मध्यापासून ते लाकूड मिळेनासं झालं आणि फेंडर भारतीय शिसवाकडे वळला. मार्टिन या अकूस्टिक गिटारीच्या जुन्या कंपनीनेही १९६९ मध्ये तेच केलं. भारतीय शिसव म्हणजे पश्चिम घाटातला. कन्नडमध्ये त्याला बीटे म्हणतात. कोडगू, वायनाड, नागरहोळे, बंदीपूर हा त्याचा मुलूख, म्हणजे म्हैसूरच्या दारातला. गाभ्याचं जांभळट काळं लाकूड भरायला झाडाला कित्येक दशकं लागतात.

म्हैसूरला हे लाकूड गिटारीच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. जुना लाकडी राजवाडा १८९७ मध्ये जळाला. हेन्री अर्विनच्या आराखड्यावरचा नवा १९१२ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या अंबाविलास दालनात शिसवावर हस्तिदंत जडवलेलं दार आहे. हस्तिदंतावर बंदी आल्यावर कारागिरांनी रंगीत लाकडं आणि इतर साहित्य वापरायला सुरुवात केली. कलेला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. सयाजीराव रस्त्यावरच्या कावेरी एम्पोरियममध्ये शिसवी हत्ती आणि देवाचे पाट ओळीने मांडलेले दिसतात. (रस्त्याचं नाव बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं. म्हैसूरच्या मुख्य बाजारपेठेला मराठी राजाचं नाव आहे, हे इथल्या मराठी माणसालाही कधीकधी माहीत नसतं.) इथे जुनेपणाची मागणी नाही. तुकडा तुकड्यात चपखल बसला की नाही, फट दिसते की नाही, एवढंच पाहतात. चकाकी नसेल तर गिऱ्हाईक पुढे जातं.

२ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या संपूर्ण कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. मुख्य कारण चीनमधल्या फर्निचरची मागणी, पण कात्रीत गिटारवालेही सापडले. फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या बऱ्याच गिटारींवर पाउ फेरो नावाचं दुसरं लाकूड आणलं. तयार वाद्यांना २६ नोव्हेंबर २०१९ पासून सूट मिळाली. मधली जवळजवळ तीन वर्षं शिसवी पट्टीच्या रेलिक गिटारी विक्रीसाठी सीमेपार जाताना सोबत दोन तऱ्हेचे कागद असत. एक कस्टम शॉपचं प्रमाणपत्र, गिटारीची झीज कारखान्यात झाली आहे हे सांगणारं. दुसरा सरकारी परवाना, मालातल्या लाकडाचा. त्यावर झाडाचं शास्त्रीय नाव लिहावं लागे, डालबर्जिया लॅटिफोलिया, आणि त्यापुढे मूळ देश: भारत.