माथेरानच्या पायवाटा : एक ऐतिहासिक टिपण

मुंबई–पुणे लोहमार्गावरील नेरळ हे स्थानक आणि त्याच्या नैर्ऋत्येस सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेले माथेरान यांचा संबंध आज इतका स्वाभाविक वाटतो, की तो इतिहासाने घडविलेला आहे याचे सहसा स्मरण राहत नाही. माथेरानात मोटारी नाहीत, ही गोष्टही त्या स्थळाच्या दुर्गमतेची सहजप्राप्त देणगी मानली जाते. वस्तुतः या दोन्ही गोष्टी निरनिराळ्या काळी घेतलेल्या निर्णयांची फळे होत. हे निर्णय कोणते, आणि त्यांचा भार कोणी वाहिला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम नावाविषयी. ‘माथेरान’ या नावाच्या दोन व्युत्पत्ती प्रचलित आहेत : ‘माथ्यावरील रान’ आणि ‘मातेचे रान’. दुसरीस भाषाशास्त्रीय आधार नाही. ‘माता’मधील अल्पप्राण ‘त’ येथे महाप्राण ‘थ’ का व्हावा, याचे कारण देता येत नाही. पहिली मात्र निर्वेध आहे. जुन्या मराठीत ‘माथा’ या पुल्लिंगी रूपाबरोबर ‘माथें’ हे नपुंसकलिंगी रूपही वावरत होते. त्यामुळे मधल्या ‘ए’काराचीही संगती लागते. या नावात इतिहासाचाही एक धागा आहे. डोंगराचा ‘माथा’ हा शब्द पायथ्याशी राहणाऱ्याच्या तोंडचा असतो. हे नाव ज्यांनी दिले त्यांची वस्ती खाली होती आणि वरच्या रानात त्यांचे जाणे-येणे होते, असे अनुमान त्यावरून करण्यास हरकत नाही.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट याने मे १८५० मध्ये माथेरानचा ‘शोध लावला’ असे वर्णन सर्वत्र आढळते. डोंगराच्या दक्षिण पायथ्याच्या चौक गावाहून, पुढे ‘वन ट्री हिल’ म्हणून प्रसिद्धीस आलेल्या टेकडीच्या बाजूने तो वर गेला आणि थोड्याच काळात त्याने तेथे घरही बांधले. ठाकर, कातकरी व धनगर यांच्या वस्त्या या डोंगराच्या अंगाखांद्यावर होत्या. सरपण, चारा, मध, रानमेवा यांसाठी त्यांच्या वाटा माथ्यापर्यंत पोहोचलेल्या होत्या. मॅलेटच्या चढणीने नव्याने काही घडले असेल, तर ते हे, की निर्वाहाच्या वाटेवरून प्रथमच कोणी विश्रांतीसाठी चढले. तेव्हापासून एकाच डोंगरावर दोन प्रकारचे चालणे सुरू झाले.

मॅलेट चौकहून चढला याचे कारण साधे आहे. मुंबई–पुणे हमरस्ता चौकवरून जात असे आणि लोहमार्ग अद्याप अस्तित्वात नव्हता. मुंबई–ठाणे रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली, १८५४ मध्ये ती कल्याणपर्यंत गेली आणि १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचली. या अखेरच्या टप्प्यात डोंगराच्या दुसऱ्या अंगास असलेले नेरळ मार्गावर आले आणि माथेरानचे दार चौकहून नेरळकडे सरकले. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याच्या कारकीर्दीत (१८५३–१८६०) या थंड हवेच्या ठिकाणाची पायाभरणी झाली, ती याच संधिकाळात. यापुढे नेरळला उतरावे आणि घोड्यावर, पालखीत किंवा पायी घाट चढावा, असा क्रम रूढ झाला. चौकची वाट बुजली नाही. परंतु तिचा मुख्य उपयोग पूर्वीप्रमाणे पायथ्याच्या लोकांपुरता उरला.

पीरभॉय कुटुंबाने बांधलेली दोन फूट रुंदीची आगगाडी १९०७ मध्ये सुरू झाली. सुमारे २० किलोमीटरच्या या मार्गावर चढ कोठे कोठे विसांस एक इतका आहे; तो साधण्यासाठी रूळ डोंगराला वेढे घेत जातात. ज्यांना चढणे शक्य नव्हते त्यांना या गाडीने डोंगर खुला झाला. तथापि तिने पायवाटेची गरज संपविली नाही. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद ठेवण्याचा प्रघात आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीने मार्ग उद्ध्वस्त झाला व तो २००७ मध्ये पूर्ववत झाला. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा मोठी हानी होऊन संपूर्ण मार्गावरील वाहतूक ऑक्टोबर २०२२ मध्येच सुरू होऊ शकली. या खंडांच्या काळातही डोंगराशी पायथ्याचा व्यवहार चालू राहिला, कारण पायवाटा होत्या.

माथ्यावरील स्थलनामांत या दुहेरी चालण्याचा ठसा स्पष्ट उमटला आहे. तेथील नावांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. लुइझा, शार्लट, अलेक्झांडर, हार्ट ही व्यक्तिनामे. पॅनोरमा, एको, सनसेट ही अनुभवनामे. आणि चौक पॉइंट, रामबाग पॉइंट, मलंग पॉइंट ही संकरनामे. पहिल्या दोन वर्गांत पायथ्याच्या भूगोलाचा मागमूस नाही. तिसऱ्यात मात्र मराठी पूर्वपद पायथ्याकडे किंवा समोरच्या डोंगराकडे बोट दाखविते. ‘पॉइंट’ हे उत्तरपद तिन्ही वर्गांत समान आहे, आणि तेच अर्थपूर्ण आहे. पॉइंट म्हणजे जेथे थांबावयाचे, पाहावयाचे आणि परतावयाचे असे ठिकाण. पायथ्याच्या बोलीतील खिंड, सोंड, पट्टी, वाडी हे शब्द मात्र ओलांडून पुढे जाणाऱ्याचे आहेत. पाहुण्याचा रस्ता जेथे संपतो, तेथून गावकऱ्याची वाट खाली उतरते, हे सत्य त्या एका उत्तरपदाआड झाकले गेले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेरळहून मोटाररस्ता चढत दस्तुरी नाक्यापर्यंत आला. तेथून बाजारपेठ अवघी अडीच-तीन किलोमीटर. दुर्गमता हेच मोटारी नसण्याचे कारण असते, तर ते याच वेळी नाहीसे झाले असते. रस्ता पुढे नेणे अशक्य नव्हते. तो न नेण्याचे ठरले. केंद्र शासनाने ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने माथेरान व परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला आणि रुग्णवाहिका व अग्निशामक वाहन यांसारखे अपवाद वगळता गावातील वाहनबंदीस कायद्याचे बळ मिळाले. जांभ्या दगडाचा ठिसूळ माथा आणि त्यावरील सदाहरित रान यांचे रक्षण हा त्यामागील हेतू होय.

या निर्णयाचे मोल मात्र समान वाटले गेले नाही. दस्तुरीपासून पुढे पाहुण्यांचे सामान हमालांच्या डोक्यावर गेले; वृद्ध व आजारी माणसे हातरिक्षातून, म्हणजे माणसांनी ओढलेल्या व ढकललेल्या गाडीतून गेली. धूर नसलेली हवा ज्या श्रमांवर उभी होती, त्यांची नोंद प्रवासवर्णनांत क्वचितच आढळते. हातरिक्षाचालकांनी ई-रिक्षांची मागणी न्यायालयात नेली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रायोगिक वापरास अनुमती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेस बाधक ठरवून, ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. वाहनबंदी आणि श्रमिकाची प्रतिष्ठा यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न त्यामुळे प्रथमच उघडपणे मांडला गेला. ई-रिक्षांच्या मागून इतर वाहने येतील, ही भीती निराधार म्हणता येणार नाही. परंतु त्या भीतीचे निवारण नियमनाने करावयाचे असते, कोणाच्या खांद्यावर जोखड ठेवून नव्हे.

या साऱ्या इतिहासात पायी चालणाऱ्याचे स्थान कोणते? मोटारीने दस्तुरीस आलेल्याला आपल्या गाडीसाठी त्याच जागी परतणे भाग असते. आगगाडीने आलेल्यावर असे बंधन नाही. तो भिवपुरी रोड स्थानकावर उतरून गारबटच्या पठारावरून माथा गाठू शकतो आणि नेरळला उतरू शकतो. किंवा नेरळहून चढून पश्चिमेस धोदाणीकडे, दक्षिणेस चौककडे उतरून एस.टी. धरू शकतो. अशा रीतीने चालणारा प्रवासी डोंगर ओलांडतो. पाहुण्याचे चालणे आणि पायथ्याच्या लोकांचे चालणे ही १८५० पासून वेगळी पडलेली दोन अंगे त्याच्या ठिकाणी काही तासांपुरती का होईना, एकत्र येतात.

म्हणून माथेरानच्या रक्षणाचा विचार माथ्यापुरता मर्यादित ठेवणे अपुरे होय. वर्दळ नसलेली वाट या पर्जन्यबहुल प्रदेशात दोन-तीन पावसाळ्यांत झुडपांनी गिळली जाते, आणि वाट गेली की तिच्यावरील खिंडीचे, पाणवठ्याचे, सोंडेचे नावही बोलण्यातून जाते. माथ्यावरील पॉइंटांची नावे फलकांवर व नकाशांवर सुरक्षित आहेत. त्यांच्या खालची नावे अद्याप वाड्यांतील वृद्धांच्या मुखी आहेत. ती वाटांसह, वाटांच्या क्रमाने, चालत जाऊन टिपून घेणे हे स्थलनामांच्या अभ्यासकासाठी तातडीचे कार्य आहे.