अंजनगावची पिंपळी

रोडग्यांचं जेवण मोजूनमापून होत नाही. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला रोडगा फोडायचा, तुपात बुडवायचा, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. वाढणारा हात आखडत नाही, जेवणाराही आग्रह मोडत नाही. मग दुपारी पोटाला तडस लागते, करपट ढेकर येतात आणि हिंग्वाष्टकाची बाटली शोधली जाते. वैद्य हे चूर्ण पहिल्या घासालाच तुपात कालवून घ्यायला सांगतात; घरोघरी ते आठवतं पोट गच्च झाल्यावर.

सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि हिंग अशी त्यातली 8 द्रव्यं. हिंग अफगाणिस्तान-इराणकडून येतो, मिरी मलबारची. पिंपळी मात्र आपल्या शेजारची. अमरावती जिल्ह्यातलं अंजनगाव सुर्जी, अकोल्यातले अकोट आणि तेल्हारा हा सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा तिचं माहेर. वऱ्हाड म्हटलं की कापूस आणि संत्री एवढ्यावरच आपण थांबतो, हे मला फार खटकतं.

इथे तिला पानपिंपळी किंवा पानपिंपरी म्हणतात, कारण ती विड्याच्या पानाची सख्खी बहीण. वेल तसाच, पानही तसंच दिसणारं. पिढ्यान्‌पिढ्या पानमळे राखणाऱ्या बारी समाजाच्याच हाताला तिची निगा जमते. शेवरी-पांगाऱ्याच्या सावलीत वेल चढवायचा, मुळाशी ओल राखायची, पण पाणी साचू द्यायचं नाही. दक्षिणेला पूर्णेचा खारपाणपट्टा लागतो. तिथलं खारट पाणी या वेलाला चालत नाही. बोटाच्या पेराएवढं फळ हिरवं काळपट होऊ लागलं की खुडतात आणि उन्हात वाळवतात. वाळलेल्या पिंपळीवर बारीक दाणे एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात. चावली तर आधी किंचित गोड लागते, मग तिखटपणा जिभेवर चढतो आणि तोंडाला पाणी सुटतं. मंदावलेली भूक जागी करण्याचं तिचं काम तिथूनच सुरू होतं.

तिचं जुनं नाव मागधी, म्हणजे मगधाची. भडोचच्या बंदरातून ती जहाजावर चढत असे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी ग्रंथात त्या बंदरातल्या निर्यातीत तिची नोंद आहे. त्याच शतकात रोमच्या प्लिनीने भाव लिहून ठेवलेत: एका पौंडाला काळी मिरी 4 दिनार, पांढरी 7 आणि पिंपळी 15. पूर्वेलाही ती गेली. नवव्या शतकातला चिनी लेखक त्वान छंग-श ती मगध देशातली असल्याचं सांगतो आणि तिथलं नावही देतो. चिनी वैद्यकात ती पोटातली थंडी घालवणारी, उलटी-पोटदुखीवरची औषधी ठरली. थांग सम्राट थायत्सुंग याचा जुनाट अतिसार दुधात उकळलेल्या पिंपळीने बरा झाला, अशी तिकडे आख्यायिका आहे.

दूध आणि पिंपळी ही जोडी आपल्याकडेही जुनीच. चरकसंहितेतल्या वर्धमान पिप्पली प्रयोगात पहिल्या दिवशी 10, मग रोज 10 वाढवत 100 पर्यंत जायचं आणि तसंच उतरायचं; एकूण 1000 पिंपळ्या, दुधासोबत. हा वैद्याच्या नजरेखालचा रसायनप्रयोग, घरी करून बघण्याचा नव्हे. तोच ग्रंथ पिंपळी, क्षार आणि मीठ या 3 गोष्टी अति खाऊ नयेत असंही बजावतो. जेवण झालं की रोज चूर्णाचा चमचा तोंडात टाकणाऱ्यांनी हे वाचायलाच हवं.

युरोपच्या स्वयंपाकघरातून पुढे पिंपळी उठली. काळी मिरी स्वस्त झाली, मागोमाग अमेरिकेतून मिरची आली. आपल्या फोडणीतही मिरचीने ठाण मांडलं आणि पिंपळीला उरली औषधाची पुडी. तिला आजही गिऱ्हाईक आहे ते आयुर्वेदिक कारखान्यांचं. त्रिकटू, सितोपलादी, च्यवनप्राश यांतलं काहीच तिच्याशिवाय होत नाही. पण मळ्यात मर रोग शिरला की उभा वेल माना टाकतो, विहिरी खोल जाताहेत, आणि खुडणी सगळी हातानेच करावी लागते. काही वर्षांनी वेल थकला की तो खणून काढतात. तेव्हा मुळंही वाया जात नाहीत. पिंपळमूळ, म्हणजेच गंठोडा, म्हणून ती वेगळी विकली जातात आणि बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत पडतात.