एका जड चाकाचा इतिहास

मुरबाड तालुक्यातल्या भातगिरण्यांना वीज मिळाली नव्हती, तेव्हा त्या तेलाच्या इंजिनावर चालत. आम्ही लहानपणी पाहिलेले असे एक इंजिन अजून डोळ्यांपुढे आहे. सिलिंडर एकच, आणि दोन्ही अंगांना लहान मुलाच्या उंचीची दोन बिडाची चाके. गिरणीवाला एका हाताने कळ उचलून धरी, दुसऱ्या हाताने हँडल मारी, आणि चाकांना पुरेसा वेग आला की कळ सोडून देई. मग पहिला ठोका पडे आणि साऱ्या आळीला समजे की गिरणी चालू झाली. आम्हांस तेव्हा वाटे की इंजिन त्या चाकांना फिरवीत आहे. पुढे कळले की ती अर्धीच गोष्ट होती. इंजिनाच्या दर चार धावांपैकी एकीतच जोर असतो. उरलेल्या तिन्ही धावांत ती जड चाकेच इंजिनाला ओढून नेत असतात.

या चाकाला परिभाषेत प्रचक्र म्हणतात. गॅरेजात व कारखान्यात त्याचे नाव फ्लायव्हील. आज शर्यतीची हौस असलेली तरुण मंडळी आपल्या गाडीतील हे चाक काढून त्या जागी हलके चाक आणि त्याला जुळेल असा क्लच बसवतात. हा श्रीमंतांचा खेळ आहे, त्याच्याशी आपणास काय कर्तव्य, असे श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल. परंतु या चाकाच्या वजनाचा इतिहास पाहिला तर तो कामकरी माणसाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, एवढेच आम्हांला येथे दाखवायचे आहे.

चाकाला मुद्दाम वजन देण्याची युक्ती फार जुनी आहे. कुंभार काठीने चाक एकदा जोराने फिरवतो आणि मग दोन्ही हात मातीला लावतो. त्याचे हात मोकळे राहतात ते चाक जड आहे म्हणून. जात्याची वरची तळी जड असते तीही केवळ दाणे भरडण्यासाठी नव्हे. हाताचा जोर कमीजास्त झाला तरी फेरा सारखा पडावा, हेही त्या वजनाचे काम असते. घेतलेला जोर साठवायचा आणि गरज पडेल तेव्हा परत द्यायचा, हा जड चाकाचा धर्म होय.

वाफेच्या इंजिनाला याच धर्माची गरज पडली. खाणीतले पाणी उपसणारे इंजिन दांडा वरखाली करी. त्यापासून गोल फेरा मिळवायचा तर भुजा आणि जड चाक हवे. भुजेचे पेटंट 1780 साली जेम्स पिकार्डने इंग्लंडात घेतले, म्हणून जेम्स वॉटने 1781 मध्ये दातेरी चाकांची निराळी योजना केली. फ्लायव्हील मात्र त्यालाही टाळता आले नाही. वाफेचा झटका सुताला लागला तर सूत तुटते. तो झटका पोटात घेणारे चाक होते, म्हणून गिरण्या वाफेवर चालू शकल्या. मुंबईत कावसजी दावर यांनी 1854 मध्ये पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली, आणि हे प्रचंड चाक आपल्याकडील कामगाराच्याही शेजारी येऊन उभे राहिले.

त्या चाकाने कामगाराचे हात, पाय आणि प्राणही घेतले. इंग्लंडच्या 1844 च्या कायद्यात इंजिनाला जोडलेल्या प्रत्येक फ्लायव्हीलभोवती कुंपण घालावे असे त्या चाकाचे नाव घेऊन लिहावे लागले. आपल्याकडे पहिला कारखाने कायदा 1881 चा. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणीकामगारांची सभा घेऊन मागण्यांचा अर्ज तयार केला. त्यात रविवारच्या सुटीबरोबर अशीही मागणी होती की कामावर जबर जखमी झालेल्यास तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचा जायबंदी झाल्यास त्याच्या पोटाची सोय व्हावी. स्वतंत्र भारताने 1948 साली कारखाने अधिनियम केला, त्याच्या 21 व्या कलमातही फ्लायव्हील हा शब्द होता. कायद्यात एखाद्या चाकाचे नाव शंभर वर्षांनंतरही पुन्हा लिहावे लागते, यावरून त्याने किती माणसे मोडली असतील याची कल्पना करावी.

आता मोटारीकडे वळू. कार्ल बेंझने 1886 साली जिचे पेटंट घेतले त्या तीनचाकी गाडीत एकच सिलिंडर होता, आणि मागे एक मोठे आडवे फ्लायव्हील उघड्यावर बसवलेले होते. ते हाताने फिरवूनच गाडी सुरू करीत. पुढे सिलिंडर चार झाले, सहा झाले. एकाचा जोर संपतो न संपतो तोच दुसऱ्याचा लागू लागला, तसे चाक लहान होत गेले. त्याच्या सपाट तोंडावर क्लच बसला. क्लचप्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबली गेली की इंजिनाचा फेरा गिअरबॉक्सला मिळतो. पायाने पेडल दाबले की तो तुटतो. कसारा घाटात भरलेला ट्रक चढावर थांबला आणि पुन्हा निघायचा झाला, म्हणजे ड्रायव्हरचा डावा पाय आणि हे जड चाक यांची भागीदारी दिसते. क्लच सुटता सुटता चाक आपली साठवण देते, म्हणून इंजिन बंद पडत नाही.

मग असले उपकारी चाक हलके कशासाठी करायचे? कारण जे चाक वेग सहज सोडत नाही, ते वेग सहज घेतही नाही. आपल्या राज्यातले ओळखीचे उदाहरण घेऊ. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये फियाट 1100 बनू लागली. तीच पुढे पद्मिनी झाली. 1089 घनसेंटिमीटरचे इंजिन, सुमारे 40 अश्वशक्ती. कुटुंबाची आणि टॅक्सीवाल्याची गाडी. परंतु मद्रासजवळ शोलावरमला, महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होऊ लागल्या, तेव्हा तेथे हीच फियाट उतरे. पुढे गोव्यात सॅन स्टॉर्म ही फायबरच्या अंगाची दोन आसनांची गाडी बनली, आणि दिलीप छाब्रियांची अवंती 2012 साली दिल्लीच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. नव्या स्पोर्ट्स कारला पैसा लागतो; घरच्या गाडीला चपळ करू पाहणाऱ्याला लेथ पुरतो. म्हणून फ्लायव्हील उतरवून घेणे हा गरीब शर्यतबाजाचा जुना उपाय आहे.

त्यापासून किती लाभ होतो याचा हिशेब मांडता येतो. समजा, चाकाच्या मध्यापासून 10 सेंटिमीटर अंतरावरचा 4 किलो धातू कमी केला. गाडीच्या चाकाची त्रिज्या 30 सेंटिमीटर धरू. त्या चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाच्या फेऱ्या पहिल्या गिअरमध्ये 15 आणि टॉपमध्ये 4 धरू. गिअरच्या प्रमाणाचा वर्ग होत असल्यामुळे, पहिल्या गिअरमध्ये वेग घेताना गाडी जणू 100 किलोने हलकी होते, आणि टॉपमध्ये अवघी 7 किलोने. एका वेगाने जाणाऱ्या गाडीला काहीच लाभ नाही. इंजिनाची ताकदही कणभर वाढत नाही. फक्त इंजिन वेग लवकर घेते आणि गिअर बदलताना लवकर खाली येते.

आणि किंमत काय? मंद गतीला इंजिन थरथरते. रहदारीत जरा चूक झाली की बंद पडते. घाटातल्या चढावर गाडी काढताना पाय अधिक नाजूकपणे उचलावा लागतो. क्लचची स्प्रिंग कडक घेतली तर पेडलही जड होते. यंत्रातून 4 किलो उतरवले ते कोठे नाहीसे झाले नाहीत. ते ड्रायव्हरच्या पायावर आले.

दुसरी किंमत याहून मोठी आहे. शहापूरच्या एका गॅरेजात आम्ही बसलो असता एक तरुण जुन्या फियाटचे फ्लायव्हील घेऊन आला. त्याला माळशेज घाटात गाडी पळवायची होती. लेथवरच्या म्हाताऱ्या टर्नरने कडेचा थोडा धातू उतरवला आणि हत्यार मागे घेतले. पोरगा म्हणाला, "काका, अजून एक कट मारा ना." टर्नर म्हणाला, "पोरा, हे बीड आहे. तोंडावर बघ, तापून बारीक तडे गेलेत. हे फुटलं तर तुझ्या पायांत येईल. पैसे जमव आणि स्टीलचं घे." पोरगा रागावून चाक घेऊन गेला. टर्नरने मजुरी घेतली नाही.

आम्ही घरी येऊन आकडेमोड केली. 28 सेंटिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला 7000 फेऱ्या करू लागले, तर त्याची कड ताशी सुमारे 370 किलोमीटर वेगाने धावते. चाकातला ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि बीड दाबाला सोशिक असले तरी ओढीला दुबळे. म्हणून जाणते लोक शर्यतीसाठी घडीव स्टीलचे, किंवा घर्षणाच्या तोंडावर स्टीलची चकती असलेले अ‍ॅल्युमिनियमचे चाक घेतात. बसवताना नवे बोल्ट ठरल्या जोराने आवळतात, चाक आणि प्रेशर प्लेट एकत्र बॅलन्स करून घेतात, क्लचप्लेट मधोमध धरण्यासाठी जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट घालून पाहतात, आणि पहिले काही शे किलोमीटर गाडी सबुरीने चालवतात. पुस्तकात हे चार ओळींत असते. त्या ओळी खऱ्या करणारा हात टर्नरचा आणि फिटरचा असतो.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. गिअरबॉक्स खाली उतरवला की आत क्लचची काळी धूळ साठलेली दिसते, आणि गॅरेजातला पोऱ्या हवेचा पाइप मारून ती उडवतो. क्लचप्लेटच्या अस्तरात अनेक वर्षे अ‍ॅस्बेस्टॉस घालीत असत, आणि जुन्या गाडीत ते अजून असू शकते. त्याचे तंतू फुप्फुसात रुतले तर रोग वीस-तीस वर्षांनी वर येतो. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षे ठेवावी असा आदेश दिला, तो याच कारणाने. पण रस्त्याकडेच्या गॅरेजातल्या पोऱ्याचे नाव कोणत्या नोंदवहीत असते? त्याला निदान एवढे तरी सांगावे की हवा मारू नकोस. ओल्या फडक्याने पूस आणि ते फडके पिशवीत बांधून टाक.

वेगाची हौस आम्ही वाईट मानत नाही. तरुणाने यंत्र उघडावे, हिशेब करावा, गाडी चपळ करावी. त्यातूनच कारागीर घडतात. आमचे म्हणणे इतकेच, की यंत्रातले ओझे कमी झाले असे कोणी सांगितले तर ते आता कोणाकडे गेले हे विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. गिरणीच्या चाकाभोवतीचे कुंपण हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारल्यामुळे उभे राहिले. शहापूरच्या त्या म्हाताऱ्या टर्नरने तो प्रश्न मजुरी सोडून विचारला. त्याच्या हातातले हत्यार थांबले, ते आम्हांला या साऱ्या इतिहासातले शहाणपण वाटते. इतके सांगून आम्ही हे विवेचन पुरे करतो.